मोकळी केलेली इंजिनं

९ जानेवारी

ही वही गिऱ्हाइकांच्या मापांची आहे. डाव्या पानांवर कुणाची छाती, कुणाची कंबर, कुणाच्या बाहीची लांबी. शिवणकाम बंद केलं तेव्हा अर्धी कोरी राहिली होती, ती आता कामाला आली. ह्यांना वाचा शिकवायला, म्हणजे परत बोलतं करायला जी मुलगी येते ती म्हणाली, रोज काय झालं, ते काय बोलले, किती खाल्लं ते लिहून ठेवा. तिला काय उपयोग व्हायचा तो होवो. मला लिहायला बसलं की कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटतं.

तर लिहिते. हे बोलले: बरं. सकाळी बरं, दुपारी बरं, अंग पुसताना बरं. अर्धांगाचा झटका आला त्यात उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि जन्मभर जमवलेल्या शब्दांमधून हा एवढा एक शब्द मागे राहिला. तसे हे आधीही फार बोलके नव्हते. पण तेव्हा न बोलणं ही ह्यांची मर्जी होती.

खाल्लं: दोन चमचे सूप. तिसऱ्याला तोंड भिंतीकडे केलं.

१२ जानेवारी

वाचावाली आज चित्रांचे पत्ते घेऊन आली. कप, चप्पल, खिडकी, मांजर. ह्यांना म्हणाली, काका, कप कुठला ते दाखवा. ह्यांनी भिंतीकडे बघितलं. ज्या माणसाने सगळी नोकरी धरणांचे आणि पुलांचे नकाशे काढण्यात घालवली त्याला मांजराचं चित्र दाखवायचं. मला तिचा राग आला, पण तिची तरी काय चूक.

जाताना मला स्वयंपाकघरात घेऊन म्हणाली, "काकू, ते बरं म्हणतात तो होकार समजू नका. तो शब्द आपोआप निघतो. हवं असलं तरी तोच, नको असलं तरी तोच. शब्द ऐकू नका, चेहरा बघा."

मी मान डोलावली. ती गेल्यावर मनात म्हटलं, बाई गं, तुझ्या आईचं लग्न झालं नसेल तेव्हापासून मी हा चेहरा बघतेय. मी विचारते, चहा देऊ? हे म्हणतात बरं, आणि पितात. विचारते, खिडकी लावू? बरं, आणि लावली तर काही बोलत नाहीत. आता आणखी काय बघायचं असतं?

१५ जानेवारी

मुलीचा फोन. ती म्हणते, बाबांसाठी दिवसभराचा माणूस ठेव, तू एकटी मरशील. म्हणते, मागची खोली रिकामी कर, तिथे तो माणूस झोपेल. मी विचारलं, आणि इंजिनांचं काय करू? लहानपणी तिलाही त्या खोलीत पाय टाकायची बंदी होती.

मागची खोली म्हणजे ह्यांचं खरं घर. उरलेल्या घरात हे जेवायला आणि झोपायला यायचे. तिथे काचेच्या कपाटात ह्यांची इंजिनं आहेत. मुठीत मावतील एवढी, विमानांची. खेळण्यातल्या विमानांची म्हटलं की ह्यांना राग यायचा. आमच्या लग्नाच्याही आधीची, कुठली कुठली, मोडकी आणायची आणि महिनोन्‌महिने खपून जिवंत करायची. मग रविवारी मैदानात दोन बारीक तारांना विमान बांधायचं, आपण मधे उभं राहून गरगर फिरायचं आणि विमान भोवती ओरडत फिरवायचं. घरी येताना अंगाला इंधनातल्या इथर आणि एरंडेलाचा वास. ते कपडे मी बादलीत वेगळे भिजवायची. चाळीस वर्षं भिजवले. एकदाही मला कुणी विचारलं नाही, येतेस का बघायला.

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिलं गेलं.

१८ जानेवारी

आज काहीतरी झालं.

खोली रिकामी करायची म्हणून कपाटातलं एक इंजिन पुसायला बाहेर आणलं आणि ह्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवलं. वळून बघते तर ह्यांचा डावा हात त्याच्याकडे जातोय. झटक्यानंतर हा हात स्वतःहून कशाकडे गेला नव्हता, मी देईन ते धरायचा. मी इंजिन हातात दिलं. ह्यांनी ते छातीवर टेकवलं आणि अंगठ्याने त्याचा लाकडी पंखा हळूहळू ढकलायला लागले. एक फेरी. थांबले. परत एक फेरी.

तासभर तेच. मी कपडे वाळत घालून आले तरी तेच. आणि संध्याकाळी वाटीभर सूप आणि वर अर्धं केळं खाल्लं. मी मोरीत जाऊन रडले. ह्यांच्यासमोर रडत नाही मी.

२३ जानेवारी

रोज तेच इंजिन. तोंड धुऊन झालं की हात स्टुलाकडे जातो. तब्येत थोडी वर आल्यासारखी वाटते. आज भिंतीकडे तोंड करून झोपले नाहीत.

पण आज मी जवळ बसून नीट बघितलं, आणि जे दिसलं ते बघवेना. पंखा सगळीकडे फिरतो, पण एका जागी आला की अडतो. दर फेरीला त्याच जागी. तिथे आला की ह्यांचा अंगठा थरथरतो, ओठ आवळले जातात, कपाळावरची शीर वर येते. जोर लावतात, जोर लावतात, आणि एकदम टुक करून पंखा पलीकडे जातो. मग हे डोळे मिटून श्वास सोडतात. दमलेल्या माणसाला एवढे कष्ट. एक हात उरलाय, आणि त्याच्याही वाट्याला असलं गंजलेलं यंत्र यावं.

मला यंत्रातलं काही कळत नाही असं ह्यांना कायम वाटत आलं. पण शिवणाचं मशीन मी स्वतः उघडते, स्वतः तेल घालते. त्याचं चाक बोटाने फिरवून बघायचं असतं. पूर्ण फेरीत कुठेही अडलं नाही तर मशीन चांगलं. एका जागी अडलं तर तिथे कचरा, गंज नाहीतर सुकलेलं तेल. साफ करायचं, फिरवायचं, मोकळं करायचं. कितीतरी बायकांची मशीनं मी अशी मोकळी करून दिली आहेत.

२५ जानेवारी

विचारल्याशिवाय केलं नाही. हे लिहून ठेवते.

म्हटलं, अहो, हे एका जागी अडतंय ना? बरं, म्हणाले. मी मोकळं करून देऊ का? बरं बरं. करून देते हं, मला येतं. बरं बरं बरं, मोठ्याने, उशीवरून मान उचलून. इतका उत्साह मी ह्या महिन्यात बघितला नव्हता. इंजिन घ्यायला गेले तर सोडेनात. एकेक बोट सोडवावं लागलं. लहान मूल आवडतं खेळणं दुरुस्तीला द्यायला कुरकुरतं तसं.

२७ जानेवारी

माझ्या पायाच्या मशीनचं वरचं डोकं काढून बाजूला ठेवलं. रिकाम्या फळीवर ह्यांचा छोटा शिकंजा बसवला आणि त्यात इंजिन आवळलं. पंखा काढला की मागे एक चकती आहे. मशीनचा चामड्याचा पट्टा खालच्या मोठ्या चाकावरून घेऊन त्या चकतीवर चढवला. आता मी पाय मारला की इंजिन फिरतं. ह्यांच्या खणात धातू घासायच्या ग्राइंडिंग पेस्टचा डबा होता. ती रॉकेलात पातळ केली, धूर निघायच्या भोकातून आत सोडली आणि पाय मारायला बसले.

आधी प्रत्येक फेरीला पट्टा घसरायचा, त्या अडेल जागी. मग घसरणं कमी झालं. भोकातून काळं पाणी यायला लागलं. किती घाण साठली होती आत. दुपार गेली, गुडघे भरून आले, पण जेव्हा रॉकेलाने धुऊन पंखा परत बसवला आणि बोटाने टिचकी मारली तेव्हा तो गरगर फिरत राहिला, कुठेही न अडता. माझं मलाच कौतुक वाटलं. चाळीस वर्षं त्या खोलीच्या बाहेर उभी होते, आणि हे एवढं सोपं होतं.

२८ जानेवारी

सकाळी इंजिन हातात दिलं. ह्यांनी पंखा ढकलला. तो फिरला. परत ढकलला. परत फिरला. अंगठा ठेवून हळूच, अगदी हळूच नेला, त्या जागेपर्यंत. काही अडलं नाही. मग ह्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून ह्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, थांबेचना. मी पुसत होते आणि मलाही आवरेना. म्हटलं, पुरे आता, त्यात काय एवढं. बाहेरून म्हटलं. आतून मी इतकी सुखावले होते की लिहायलाही लाज वाटते.

नंतर हे थकून भिंतीकडे वळले. दुपारी खाल्लं नाही. एवढा आनंदही सोसत नसेल अशा आजारात.

१ फेब्रुवारी

खाणं परत कमी झालं. ते इंजिन हातात घेत नाहीत. मी दिलं तर बोटं मिटत नाहीत, पांघरुणावर पडून राहतं. आज मागच्या खोलीच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या कपाटाकडे हात केला. दुसरं आणून दिलं. त्याचा पंखा ढकलला, आणि तेच, एका जागी अडला. पण हे तिथेच थांबून राहिले, अंगठा त्या जागेवर दाबून, पुढे नेईनात, मागे आणीनात. मग इंजिन छातीशी घट्ट धरून डोळे मिटले.

म्हणजे सगळीच अडलेली आहेत. झटक्याच्या आधीही वर्षभर हे मैदानात गेले नव्हते, तेल सुकून बसलं असणार. एक मोकळं झालेलं बघून आता ह्यांना बाकीची तशीच हवी असणार, आणि सांगता येत नाही बिचाऱ्यांना. दुपारी डोळा लागल्यावर हातातून काढून घेतलं आणि मशीनवर चढवलं.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबांना विचारलंस ना?" विचारलं, बरं म्हणाले. मग ठीक आहे, म्हणाली, पण फार दमू नकोस.

६ फेब्रुवारी

वाईट दिवस. तिसरं इंजिन घ्यायला गेले तर ह्यांनी आरडाओरडा केला. बरं बरं बरं बरं, घसा फुटेल असा. शेजारीण धावत आली. डावा हात खाटेच्या कठड्यावर आपटत होते. मला वाटलं दुसरा झटका. डॉक्टर आले, म्हणाले, ह्या आजारात स्वभाव बिघडतो, मनावर घेऊ नका, आणि झोपेची गोळी देऊन गेले.

हे झोपले आणि मी मशीनवर बसले. खरं सांगायचं तर मला आता दुसरं काही सुचत नाही. पाय मारत असते तेवढा वेळ भीती वाटत नाही. उठले की वाटायला लागते. हे असेच राहिले तर? आणि हे गेले तर? दोन्हींपैकी कशाची भीती जास्त वाटते ते मला सांगता यायचं नाही. मुलगी माणूस ठेव म्हणते. माणूस ठेवला तर मी काय करू? मला निदान हे एक काम जमतंय. ह्यांचं काहीतरी माझ्या हातून चांगलं होतंय.

संध्याकाळपर्यंत दोन झाली.

११ फेब्रुवारी

कपाट रिकामं होत आलं. वाचावाली आली. ह्यांनी पत्त्यांकडे बघितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, मधे किती छान सुधारत होते, एकदम का खाली गेले, घरात काही बदल झाला का? मी इंजिनांचं सांगितलं. तिने विचारलं, काकांना ते आवडतंय का? मी म्हटलं, पहिलं दिलं तेव्हा रडले. ती म्हणाली, "रडताना चेहरा कसा होता?"

रडताना चेहरा जसा असतो तसा होता. हिला काय सांगायचं. म्हणाली, मला त्या इंजिनांतलं काही कळत नाही, पण कुणी जाणकार असेल तर एकदा विचारून घ्या. म्हणजे मी जाणकार नाही. घरच्यांनी चाळीस वर्षं मला हेच ऐकवलं, आता परक्यांकडूनही ऐकायचं. मी चहा विचारला नाही. ती गेल्यावर वाईट वाटलं.

जाणकार एकच, पंखेभावजी. ह्यांचे मैदानातले दोस्त. विमानांचे लाकडी पंखे कोरून द्यायचे म्हणून सगळे त्यांना पंखा म्हणतात, आणि मी त्यांना पंखेभावजी म्हणायला लागले. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला मुलाकडे गेले आहेत. पुढच्या आठवड्यात येतो असा निरोप आहे.

१४ फेब्रुवारी

सगळी झाली. खिडकीच्या कट्ट्यावर ह्यांना दिसतील अशी ओळीने मांडली. चकाचक. प्रत्येकाचा पंखा फुंकर मारली तरी हलतो. म्हटलं, अहो, बघा तरी. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

मी तिथेच जमिनीवर बसले. गुडघ्यांना सूज आहे, बोटांना रॉकेलाने भेगा पडल्यात, आणि ह्या माणसाला डोळे उघडून बघवत नाही. सगळा जन्म असाच गेला. स्वेटर विणला तर घालायचे नाहीत, टोचतो म्हणायचेही नाहीत. आज पहिल्यांदा वाटलं की ह्यांना माझ्याकडून काहीच नको होतं, कधीच नको होतं. मग मी कुणाची कोण?

संध्याकाळी मात्र ह्यांनी हात वर केला, कपाटाच्या माथ्याकडे. तिथे एक जुनी लाल गाडी आहे, शर्यतीच्या गाडीचं खेळणं, हातभर लांब. धूळ पुसून दिली. हे तिचं मागचं चाक अंगठ्याने ढकलत राहिले. तेही अडतंय. जरासं फिरतं, थांबतं, टुक करतं. पण आज ह्यांनी ग्लासभर दूध घेतलं.

१६ फेब्रुवारी

गाडीशिवाय राहत नाहीत. मी खोलीत आले की पटकन पांघरुणाखाली घेतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा किती दिवसांनी हसू आलं. म्हातारपणी खेळणं लपवायची वेळ आली. मी म्हटलं, असू द्या, मला नको तुमची गाडी. डोळे माझ्यावर रोखून होते, मी बाहेर जाईपर्यंत.

त्या चाकाचं काहीतरी करायला हवं. गाडीला खालून उघडायचा स्क्रू दिसत नाही. उद्या भावजी येतील त्यांना विचारते.

१७ फेब्रुवारी

लिहवत नाही. तरी लिहिते.

भावजी आले. डोळ्यावर काळा चष्मा. ह्यांचा हात हातात घेऊन खाटेवर बसले. मग खिडकीपाशी गेले. म्हणाले, अरे वा, सगळी फौज बाहेर काढली की. पहिलं इंजिन उचललं, बोटाने पंखा ढकलला. तो गरगर फिरला. त्यांनी चष्मा काढला. परत ढकलला. ते खाली ठेवून दुसरं उचललं, मग तिसरं. ओळीच्या शेवटपर्यंत गेले. मी दारात उभी होते, शाबासकीची वाट बघत.

"वहिनी, ह्या इंजिनांना कुणी हात लावला?"

मी म्हटलं, मीच. सगळी अडली होती. पेस्ट घालून, मशीनवर लावून एकेक मोकळं केलं.

ते खुर्चीवर बसले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मला शेजारी बसवून हळू आवाजात सांगितलं. ह्या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. तो ज्या नळीत वरखाली होतो ती वर थोडी निमुळती असते, पिस्टन वर पोचताना घट्ट व्हायलाच हवा. तिथे हवा दाबली जाते, तिथेच ते पेटतं. बोटाला जो अडथळा लागतो ना, तेवढंच इंजिन असतं, बाकी नुसता धातू. पेस्टने तेच घासून गेलं. ती एक घट्ट जागा जमवायला ह्याला एकेका इंजिनापाठी महिने लागायचे, एक केस कमी नाही, एक केस जास्त नाही.

मी विचारलं, मग आता परत घट्ट करता येईल ना? भावजींनी खाटेकडे बघितलं. म्हणाले, "नवे पिस्टन करावे लागतील. आमच्यात ते करणारा हाच एक होता."

हे ऐकत होते. सगळं ऐकत होते. गाडी पांघरुणाखाली होती.

१९ फेब्रुवारी

दोन दिवस ह्यांच्या डोळ्याला डोळा द्यायला धीर झाला नाही. अंग पुसलं, भरवलं, पण मान खाली घालून. आज दुपारी मी खाटेवर बसले आणि ह्यांच्याशी बोलले. म्हटलं, मी तुमची सगळी इंजिनं मारली. मला माहीत नव्हतं. तुम्ही ओरडत होता ते मला थांबवायला, आणि मी तुम्हाला झोपेची गोळी दिली. मला वाटलं मी तुमच्यासाठी करतेय. ते तुमच्यासाठी नव्हतं, मला एकदा तुमच्या त्या खोलीत यायचं होतं.

बरं, म्हणाले.

वाचावालीने सांगितलं होतं तसा मी चेहरा बघितला. पहिल्यांदा बघितला बहुतेक. राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. तिथे सावधपणा होता. अनोळखी कुत्रं खोलीत आल्यावर माणूस जसा न हलता बसून राहतो, तसे हे माझ्याकडे बघत होते. आणि डावा हात पांघरुणाखाली, गाडीवर.

२१ फेब्रुवारी

भावजी निरोप घ्यायला आले. ते आता कायमचे मुलाकडे राहायला जाणार. डोळ्यांनी नीट दिसत नाही, एकटं राहणं जमत नाही.

ते उठायला लागले तशी ह्यांनी त्यांची बाही पकडली. पांघरूण बाजूला सारलं, लाल गाडी ओढून काढली आणि भावजींच्या मांडीवर ठेवली. भावजींनी तिचं मागचं चाक अंगठ्याने फिरवलं. कान जवळ नेला. परत फिरवलं. त्यांचा चेहरा खुलला.

"हे शाबूत आहे, वहिनी. ह्याला तुम्ही हात नाही लावलात."

मी म्हटलं, त्यात इंजिन आहे हे मला माहीत नव्हतं.

भावजींनी गाडी परत ह्यांच्या हाताशी ठेवली. म्हणाले, अरे, हे तुझ्याजवळच राहू दे, तुला विरंगुळा आहे. ह्यांनी ती परत त्यांच्याकडे ढकलली. त्यांनी पुन्हा ठेवली. मला कळलं, पण तरी मी पुढे झाले आणि ह्यांना म्हटलं, मी तिला हात लावणार नाही. तुमच्या गळ्याशप्पथ. राहू द्या तुमच्याजवळ, एवढं एकच उरलंय.

बरं, म्हणाले, आणि गाडी ढकलली. अगदी खाटेच्या कडेपर्यंत, भावजींच्या पोटाला टेकेपर्यंत. हात मागे घेईनात. मग माझ्याकडे बघितलं. ह्यांच्या मनातलं एवढं स्वच्छ मला आजवर कधीच वाचता आलं नव्हतं. रोज जेवायला लावणारी ती एक वस्तू होती, आणि ती ह्या घरात माझ्याजवळ ठेवण्यापेक्षा हे तिच्याशिवाय राहणार होते.

भावजी कसनुसे झाले. म्हणाले, त्याच्या मनात तसं नसेल हो, वहिनी. मी म्हटलं, तसंच आहे. घेऊन जा.

कपाटातून मऊ फडका आणला. हे इंजिनं कशी गुंडाळायचे ते मी दारातून बघितलेलं होतं. तरी फडका भावजींच्या हातात दिला आणि लांब उभी राहिले. त्यांनीच गुंडाळली. दारापर्यंत पोचवायला गेले तेव्हा भावजी म्हणाले, फोन करत जा. मी हो म्हटलं. जिना उतरताना त्यांनी पुडकं छातीशी धरलं होतं.

दार लावून आत आले तर हे झोपले होते. तोंड भिंतीकडे नव्हतं. आजारी पडल्यापासून दिवसा एवढी गाढ झोप ह्यांना गोळीशिवाय लागली नव्हती. पांघरूण खाली घसरलं होतं, खांदा उघडा पडला होता. मी ते वर ओढायला वाकले आणि तशीच थांबले. हात लावायचा धीर झाला नाही.